बाई, जोर दिसतो कुठं?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की चौथीच्या पोरांना बल शिकवायला फळा लागत नाही, एक पुठ्ठा आणि चार पुस्तकं पुरतात. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की यावेळचं सगळं सदर त्याच विषयाला देऊन टाकलंय. काही पत्रं लांबलचक होती ती छाटलीत, राग मानू नका. आणि हो, मी फिजिक्सची प्राध्यापक नाही, प्राथमिकची मास्तरीण आहे, त्यामुळे उत्तरं वर्गातली आहेत, पुस्तकातली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी जि. प. शाळेत चौथीला शिकवते. वर्गात 43 मुलं, जागा अशी की दोन बाकांमधून मला नीट जाता येत नाही. तुम्ही उतारावरून गाडी सोडा म्हणता, पण एक गाडी दाखवली तर पुढच्या दहा जणांना दिसतं आणि मागे मारामारी सुरू होते. आवाज वाढला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात. करायचं कसं?
(शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : बाई, गाडी दाखवूच नका. सगळा घोळ त्या दाखवण्यातच आहे. आपण पुढे उभं राहून करणार आणि 43 जण माना उंच करून बघणार, म्हणजे तो प्रयोग आपला झाला, त्यांचा नाही. दोघांत एक सामान द्या. 20 जोड्या आणि एका ठिकाणी तिघं. सामान म्हणजे काय तर जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा मधून दुमडून केलेली पन्हाळ, एक गोटी, एक काडेपेटी, आणि पन्हाळीच्या एका टोकाखाली ठेवायला त्यांचीच दोन-तीन पुस्तकं. गोटी वरून सोडायची, सोडायची म्हणजे ढकलायची नाही, नुसतं बोट काढायचं, आणि खाली ठेवलेल्या काडेपेटीला ती धडकली की काडेपेटी किती बोटं सरकली ते मोजायचं. पट्टी नको, बोटंच बरी, चौथीतल्या पोरांना पट्टी शून्यापासून धरायची की एकपासून यातच अर्धा तास जातो.

बाक सोडा, व्हरांड्यात बसवा. एकदा फरशीवर, एकदा गोणपाटावर, एकदा वर्तमानपत्रावर. सोडायच्या आधी प्रत्येकानं पाटीवर लिहायचं की काडेपेटी कुठं जास्त सरकेल. हे लिहिणं मात्र सोडू नका. मी पहिल्या वर्षी ते घेतलंच नव्हतं, पोरांनी गोट्या सोडल्या, ओरडली, मजा केली, आणि शेवटी मी विचारलं काय शिकलात तर उत्तर आलं “बाई, गोटी घरंगळते”. दुसऱ्या वर्षी लिहायला लावलं तर एक मुलगी पाटी घेऊन माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, बाई, बरोबर कुठलं आहे, मी तेच लिहिते. तेव्हा मला कळलं की चार वर्षांत आपण त्यांना काय शिकवून ठेवलंय.

आणि उत्तरं सगळ्यांची सारखी येणार नाहीत, घाबरू नका. माझ्याकडे एकदा वीस जोड्यांची काडेपेटी फरशीवर जास्त सरकली आणि एका जोडीची गोणपाटावर. सगळा वर्ग त्या दोघांना हसायला लागला. मी म्हटलं थांबा, परत करा सगळ्यांसमोर. परत तेच. मग एकानं काडेपेटी हलवून बघितली, आतून आवाज येईना. फरशीवर धडकवलेली पेटी काड्यांनी भरलेली होती आणि गोणपाटावरची रिकामी, दोघांनी दोन वेगळ्या पेट्या घेतल्या होत्या. त्यातून पोरांनीच नियम काढला की पेटी तीच पाहिजे, गोटी तीच पाहिजे, उंची तीच पाहिजे, बदलायची ती फक्त खालची जागा. हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर दोन दिवसांत विसरले असते. आता कुणी वेगळी पेटी घेतली की पोरंच ओरडतात.

आवाजाचं म्हणाल तर आवाज होणारच. शेजारच्या सरांना आधी सांगून ठेवा, जमलं तर त्यांची तिसरी पण आणून बसवा. आणि एका तासिकेत आटोपायचा हट्ट नको, दोन लागतात.

प्रश्न : माझे विद्यार्थी अंदाज चुकला की पाटीवरचं पुसून बरोबर उत्तर लिहितात. मी शंभर वेळा सांगितलं चुकलं तरी चालेल. ऐकत नाहीत.
(शिक्षक, परभणी)

उत्तर : सर, पाटी बंद करा, कागद आणि पेन द्या. पेनचं पुसता येत नाही. आणि तुम्ही स्वतः पण अंदाज लिहा, फळ्याच्या कोपऱ्यात, आणि कधीतरी तो खरोखर चुकू द्या. माझा कागदी हेलिकॉप्टरच्या वेळी चुकला होता, मला वाटलं यू-पिन लावली की ते जेमतेम थोडं जोरात येईल, ते दगडासारखं धपकन आलं. पोरं दोन दिवस सांगत होती की बाईंचं चुकलं. चालतंय की.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी तिसरीत आहे, शाळेत त्यांना सध्या बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड फोर्सेस चाललंय. घरी आम्ही मराठी बोलतो आणि रविवारी ती मराठी शाळेतही जाते, पण हे मला मराठीत समजावता येत नाही. मी “संतुलित बल” म्हटलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. आजी-आजोबांशी फोनवर ती शाळेतलं बोलते तेव्हा पण अडकते. काही सोपं आहे का?
(एक आई)

उत्तर : तिकडे 2013 साली जी नवी विज्ञान मानकं आली त्यांत बालवाडीलाच ढकलणं-ओढणं आहे आणि तिसरीला हे संतुलित-असंतुलितचं प्रकरण आणि चुंबक. आपल्याकडे “बल व बलाचे प्रकार” हा धडा सहावीत येतो, तोपर्यंत पोरं बल हा शब्दच फारसा वापरत नाहीत. इथली मुलं सुद्धा बघतच राहतात, तुमच्या मुलीचं काही चुकलं नाही. माझ्या वर्गात एकानं वहीत आख्खं पान “बाळ” लिहिलं होतं, बाळ लावल्याने वस्तू हलते. मी काही वेळ हसू दाबत बसले आणि मग म्हटलं चूक माझी आहे, शब्द फळ्यावर टाकला आणि पुढे गेले.

म्हणून आधी बल म्हणूच नका, जोर म्हणा. आणि त्याच्याही आधी क्रियापदं काढा. आपल्या भाषेत जोर लावायला किती शब्द आहेत बघा : ढकलणं, लोटणं, रेटणं, ओढणं, खेचणं, हिसकणं, दाबणं, चेपणं, पिळणं, ताणणं, वाकवणं, भिरकावणं, टोलवणं. घरी खेळ करा, एकानं न बोलता करून दाखवायचं आणि दुसऱ्यानं शब्द ओळखायचा. ओला टॉवेल पिळणं आणि लिंबू पिळणं एकच का वेगळं, यावर आमच्या वर्गात खरंच भांडण झालं होतं (टॉवेलला दोन्ही हात उलट दिशेला फिरतात, लिंबाला आपण नुसतं चेपतो, तरी म्हणतो पिळणं). आजी-आजोबांना फोनवर हाच खेळ घाला, त्यांच्याकडून रेटारेटी, ओढाताण, खेचाखेच असले चार शब्द जास्तच येतील.

आता संतुलित. थोडा फुगवलेला फुगा तिच्या दोन तळहातांत धरायला सांगा आणि दोन्ही बाजूंनी सारखं दाबायला लावा. फुगा चेपतो पण कुठं जात नाही. जोर आहे, दोन्हीकडून आहे, पण सारखा आहे, म्हणून हालचाल नाही. मग म्हणा, एका हातानं जरा जास्त दाब. गेला फुगा तिकडे. झालं, हेच असंतुलित. पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की हलत नाही म्हणजे जोरच नाही, ते या फुग्यानं जरा हलतं.

पुढची पायरी अवघड आहे, ओट्यावर ठेवलेलं पातेलं. पातेल्याला पृथ्वी खाली ओढते हे मुलं ऐकून मान्य करतात, पण ओटा त्याला वर ढकलतो म्हटलं की हसतात, ओट्याला काय हात आहेत का. तिथं थेट ओट्यावर जाऊ नका. आधी पुस्तक स्पंजवर ठेवा, स्पंज चेपलेला दिसतो आणि बोटानं दाबलं तर तो वर ढकलतो हे जाणवतं. मग तेच पुस्तक दोन ग्लासांवर आडव्या टाकलेल्या प्लास्टिकच्या फूटपट्टीवर ठेवा, पट्टी वाकते. मग जरा जाड फळीवर, फळी वाकते पण दिसत नाही. मग ओटा. असं पायरीपायरीनं नेलं की बहुतेक मुलं स्वतःच म्हणतात की ओटा पण थोडासा वाकत असेल. वाकतोच. शब्द द्यायचा तो यानंतर, आता “संतुलित बल” सांगा, ती बघत नाही बसणार.

प्रश्न : मॅडम, सहावीला न्यूटन हे एकक येतं. मुलं पाठ करतात, मला स्वतःलाच ते किती ते हातात जाणवत नाही. शाळेत स्प्रिंग बॅलन्स होता, तो कपाटात गंजलाय. स्वस्तात काही करता येईल का ज्यानं जोर मोजता येईल?
(विज्ञान शिक्षक, धुळे)

उत्तर : करता येईल आणि सर, त्या गंजलेल्यापेक्षा जास्त मजा येईल.

एक जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, वरच्या टोकाला खिळा किंवा पिन, त्याला एक साधं रबरबँड, रबराच्या खालच्या टोकाला यू-पिन वाकवून केलेला हुक. हुकाला पातळ प्लास्टिकची पिशवी. आता औषधाच्या बाटलीबरोबर मापाचं झाकण येतं ना, 10 मिलीचं, त्यानं दहा झाकणं पाणी पिशवीत टाका. 100 मिली पाणी म्हणजे 100 ग्रॅम, आणि 100 ग्रॅमला पृथ्वी साधारण 1 न्यूटननं ओढते, नेमकं सांगायचं तर 0.98. हुक जिथं आला तिथं खूण करा, 1. आणखी दहा झाकणं, 2. असं चार-पाचपर्यंत. रबर फार ताणलं जातंय वाटलं तर दोन रबरं एकात एक घेऊ नका, शेजारी शेजारी लावा.

न्यूटन म्हणजे किती याचं उत्तर आता पोरांच्या हातात आहे, दहा झाकणं पाणी. किंवा एक छोटा पेरू तळहातावर ठेवला की जेवढं जड लागतं तेवढं.

एक गोष्ट पोरांच्या लक्षात येईल की खुणा सारख्या अंतरावर येत नाहीत. आणि पाणी काढत उलटं आलात तर हुक जुन्या खुणेवर नीट येत नाही, थोडा खालीच राहतो. ही तुमची चूक नाही, रबराचा स्वभाव तसा आहे. स्प्रिंग या बाबतीत सरळ असते, म्हणून काट्यात स्प्रिंग वापरतात. हे लपवू नका, उलट विचारा की दुकानदारानं रबराचा काटा वापरला तर काय होईल. आमच्याकडे एका पोरानं लगेच सांगितलं, त्याचा फायदा होईल का आपला ते बघायला लागेल. किराणा दुकानदाराचा मुलगा होता.

आता या काट्यानं काय मोजायचं. पत्र्याची कंपास पेटी घ्या, आत दोन-तीन खडे टाका, रबरबँडनं बंद करा, हुक लावून बाकावरून ओढा. आधी आडवी ठेवून, मग त्याच पेटीला तिच्या अरुंद बाजूवर उभी करून. ओढायच्या आधी अंदाज घ्या. बहुतेक सगळे म्हणतात उभी केल्यावर कमी जोर लागेल कारण टेकते कमी. आणि काटा जवळपास तेवढाच ताणला जातो. माझ्याच वर्गात हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी पण दोनदा करून बघितलं, बी.एड. करून पण मला आतून खात्री नव्हती. घर्षण टेकलेल्या जागेवर फारसं अवलंबून नसतं, पेटी किती जोरात खाली दाबली जातेय आणि कशावर कशाचं घासतंय यावर असतं. लगेच आणखी खडे टाका, ताण वाढलेला दिसेल. खाली चार गोल पेन्सिली घाला, रबर जेमतेम ताणलं जाईल, आणि कुणीतरी बैलगाडीचं चाक म्हणेलच.

अजून एक बारीक निरीक्षण आहे, ते घाईत निसटतं. पेटी हलायच्या अगदी आधी रबर सगळ्यात जास्त ताणलेलं असतं आणि एकदा हलली की थोडं आखडतं. पहिला धक्का जड, मग सोपं. ज्यांनी कपाट सरकवलंय त्यांना हे पाठीतून माहीत असतं.

आणि विहिरीत बुडालेली कळशी हलकी का लागते, हा प्रश्न हाच काटा घेऊन सोडवा. पिशवीत दगड घाला, हवेत मोजा, मग दगड बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा, तळाला टेकू द्यायचा नाही. रबर आखडतं. साधा काळा दगड असला तर वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कमी झालेला दिसतो. गावाकडची पोरं लगेच म्हणतात की कळशी पाण्यात आहे तोवर हलकी आणि वर निघाली की हात ओढते. पाणी वर ढकलत असतं, दिवसातून दोनदा त्यांनी ते अनुभवलेलं असतं, फक्त कुणी त्याला बल म्हटलं नव्हतं.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे, नातू पाचवीत. तो म्हणतो जड आणि हलकी वस्तू एकदमच खाली पडते, शाळेत सांगितलं. मी त्याला पीस आणि दगड टाकून दाखवलं, दगड आधी पडला. आता तो म्हणतो आजोबा तुम्हाला येत नाही. नक्की बरोबर कोण?
(वाचक, नाशिक)

उत्तर : काका, तुम्ही जे बघितलं ते खरं आहे आणि नातू जे म्हणतो ते पण खरं आहे, मधे हवा आहे. पीस हवेत अडतं. एक वही आणि एक सुटा कागद एकाच वेळी सोडा, कागद तरंगत येतो. आता तोच कागद वहीच्या वर ठेवा, वहीच्या कडेबाहेर येता कामा नये, आणि वही सोडा. कागद वहीबरोबरच खाली येतो, कारण आता हवेला वही बाजूला सारतेय. मग कागदाचा बोळा करून वहीबरोबर सोडा, जवळपास एकदमच. कागद तोच, वजन तेच, आकार बदलला.

आणि मग दोन सारख्या बाटल्या, एक पाण्यानं भरलेली आणि एक अर्धी, झाकण घट्ट लावून पलंगावर उभं राहून गादीवर सोडा (पलंगावर नातवाला उभं करा, तुम्ही खाली थांबा). डोळ्यापेक्षा कान वापरा, दोन धप्प ऐकू येतात का एक.

1971 साली अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून हातोडी आणि पीस एकदम सोडलं होतं. तिथं हवाच नाही, दोन्ही बरोबर पडली. त्याचा व्हिडिओ नेटवर आहे, दोघांनी मिळून बघा. पण बाटल्यांनंतर, आधी नको.

प्रश्न : मुलासाठी ऑनलाइन सायन्स किट बघतेय, त्यात ते छोटे चमकणारे पॉवरफुल मॅग्नेट आहेत. घ्यावं का?
(पुणे)

उत्तर : ते छोटे मॅग्नेट नको. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधलं आतडं चिमटलं जातं, ऑपरेशनची वेळ येते. घरात लहान भावंड असेल तर अजिबातच नको. रेडिओ-स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे जुन्या स्पीकरचं मोठं गोल चुंबक मिळतं, ते तोंडात मावत नाही आणि प्रयोगाला भरपूर होतं. कागदाखालून, तळहाताखालून, पाण्यातून ओढतं का बघा.

किटचं विचाराल तर मी आजवर एकही विकत घेतलं नाही. अरविंद गुप्ता यांच्या वेबसाइटवर कचऱ्यातून करायची शेकडो खेळणी फुकट आहेत, मराठीतही आहेत. त्यांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची जोडणी होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात झाली. तो कार्यक्रम 1972 ला मध्य प्रदेशातल्या 16 साध्या शाळांत सुरू झालेला.

प्रश्न : ताई फुग्याचं रॉकेट केलं, मस्त झालं. पण एका मुलानं विचारलं की फुग्यातली हवा मागच्या हवेला ढकलते म्हणून फुगा पुढे जातो ना, मग अंतराळात हवा नसते तर चांद्रयान कसं गेलं? मी म्हटलं उद्या सांगते. उद्या होऊन आठवडा झाला.
(शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : आधी त्या मुलाला माझ्याकडून एक पेढा द्या.

ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी : दोन खुर्च्यांमधे पाचेक मीटर तंगूस ताणून बांधायचा, त्यात आधी संपलेल्या बॉलपेनची मोकळी नळी ओवायची (प्लास्टिकच्या स्ट्रॉवर जुलै 2022 पासून बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ तंगुसावर अडकते), फुगा फुगवून तोंड कपड्याच्या चिमट्यानं बंद करायचं, नळीला सेलोटेपनं चिकटवायचा आणि चिमटा काढायचा. लांबट फुगा असला तर सरळ जातो.

आता त्याचा प्रश्न. फुगा स्वतःच्या पोटातल्या हवेला मागे ढकलतो आणि ती हवा फुग्याला पुढे ढकलते, जोडी या दोघांची आहे, बाहेरच्या हवेची गरज नाही. हे सांगून पटत नाही. शाळेच्या कॉम्प्युटर रूममधे चाकाची खुर्ची असते, त्यावर मुलाला पाय उचलून बसवा, मांडीवर भरलेलं दप्तर द्या, आणि ते समोर जोरात फेकायला सांगा, समोर झेलायला तुम्ही. खुर्ची मागे सरकते. त्यानं हवेला नाही ढकललं, दप्तराला ढकललं. दप्तर जड घ्या नाहीतर खुर्ची हलत नाही, आणि मागे एक जण पाठीला हात लावायला ठेवा.

मग सांगा की रॉकेट आपल्या पोटातला गरम वायू दप्तरासारखा फेकत जातं. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी चांद्रयान 3 उतरलं ते शाळाशाळांत लाइव्ह दाखवलं होतं, तेव्हा विक्रम लँडरची इंजिनं खालच्या दिशेला वायू फेकत होती म्हणून तो हळू झाला. खाली हवा अजिबात नव्हती.

प्रश्न : कंगव्यानं कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग जुलैत केला, एक कपटा हलला नाही. अधिकारी बसले होते.
(शिक्षक, सिंधुदुर्ग)

उत्तर : अरेरे सर. कोकणात जुलैत तो होत नाही, दमट हवेत कंगव्यावरचा विद्युतभार टिकत नाही. शिवाय पोरांच्या डोक्याला आयांनी चपचपीत तेल लावलेलं असतं, त्या केसांत कंगवा घासून काही होत नाही. जानेवारीत करा, आणि केसांऐवजी लोकरी मफलर किंवा टेरिकॉटचं कापड वापरा. पावसाळ्यात हवंच असेल तर मुद्दाम करून बघा आणि जानेवारीत परत तेच करा, तारीख टाकून दोन्ही लिहून ठेवा. माझ्या इथे पण साहेबांसमोर एकदा फजिती झालीये, साहेब म्हणाले चालू द्या चालू द्या, आणि बाहेर जाऊन फोनवर बोलत बसले.

प्रश्न : मी पीटी घेतो. रस्सीखेच म्हणजे जास्त ताकद ज्याची तो जिंकतो, यात शिकवण्यासारखं काय आहे?
(क्रीडा शिक्षक, सोलापूर)

उत्तर : सर, एकदा असं करा. गुळगुळीत फरशीचा हॉल असेल तर चार दांडगी मुलं पायात सॉक्स घालून एका बाजूला आणि तीन किरकोळ मुली अनवाणी दुसऱ्या बाजूला. मुली जिंकतात, निदान आमच्याकडे तीनही वेळा जिंकल्या, आणि मुलं फरशीवरून रिक्षासारखी ओढली गेली. दोर दोन्ही टोकांना जवळपास सारखाच ताणलेला असतो, फरक पडतो तो पायाखाली कोण किती घट्ट रोवून उभं आहे त्याचा. मग मैदानात मातीवर न्या आणि परत बघा. दोर कुणाच्या मनगटाला गुंडाळू देऊ नका, आणि हरल्यावर एकदम सोडायचा नाही हे आधी सांगा.

पावसात मैदान बंद असलं की कॅरम काढा. अर्ध्या बोर्डावर पावडर, अर्ध्यावर नाही, स्ट्रायकर दोन्हीकडून मारून बघा. आणि सोंगट्यांची पाच-सहाची चवड लावून खालच्या सोंगटीला स्ट्रायकर मारा, खालची उडते आणि वरच्या जागीच खाली बसतात. एसटीनं ब्रेक मारला की उभे असलेले सगळे ड्रायव्हरकडे का झुकतात ते इथून विचारा.

प्रश्न : मी पाचवीत आहे. भोवरा फिरत असतो तोपर्यंत पडत का नाही? आईनं सांगितलं तुम्हाला विचार.
(वय 10, अहिल्यानगर)

उत्तर : बाळा, तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायला मला जे गणित लागेल ते तू अकरावी-बारावीत शिकशील, आत्ता मी काहीतरी ठोकून दिलं तर ते तू उगाच पाठ करशील. पण अर्धं तुला स्वतःला सापडेल. सायकलचं पुढचं चाक दुकानात सुटं काढलेलं असलं तर दुकानदारकाकांना विचार आणि दोन हातांनी आसाला धरून उभं रहा, मोठ्या कुणाला तरी चाक जोरात फिरवायला सांग, आणि मग चाक तिरपं करायचा प्रयत्न कर. बोटं स्पोक्सपासून लांब. चाक थांबलेलं असताना पण तसंच कर. हाताला काय फरक लागला ते मला लिही.

आणि भोवरा का थांबतो ते तू आजच बघू शकतोस. एकाच भोवऱ्याला जाळी तितक्याच वेळा गुंडाळायची आणि फरशीवर, मातीवर, आणि स्टीलच्या ताटात तेलाचं बोट फिरवून, असं तीन ठिकाणी फिरवायचा. आईच्या मोबाइलवर सेकंद मोज, प्रत्येक जागी पाच वेळा, कारण एखादा डाव तुझाच चुकेल. आधी अंदाज लिही, पेननं. ताट आईला विचारून घे.